ड्वोमो मास्तरांचं राज्य

आमच्या अदुआबेसो गावात राजा मरत नाही. तो 'गावाला जातो'. जुने नाना, म्हणजे आमचे आधीचे राजे, असे गावाला गेले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि गादी रिकामी होती. गादी रिकामी असली की सगळ्यांत जास्त त्रास मला होतो. मी ओक्यामे, म्हणजे नानांचं तोंड. राजाने चारचौघांत मोठ्याने बोलायचं नसतं. तो माझ्या कानाशी पुटपुटतो आणि मी सोनेरी मुठीची काठी टेकून ते गावाला ऐकवतो. गावानेही राजाला थेट काही सांगायचं नसतं. ते मला सांगतात, मी राजाला सांगतो. राजा दोन हातांच्या अंतरावर बसून सगळं ऐकत असला तरीही. काठी मला मामाकडून मिळाली. पोट मात्र सिमेंट आणि पत्र्यांच्या दुकानावर चालतं. तर त्या वर्षभरात दुकानात पत्रे बघायला येणारा प्रत्येक जण पत्र्यावर टिचकी मारून एकच विचारायचा, "काय अम्पोफो, कोण बसणार?"

मला कुठून ठाऊक असणार? गादीवर कोणाला बसवायचं ते राजमाता ठरवते, आणि आमची राजमाता अफ्राकोमा, सगळ्या गावाची आई, एरवी पावाची भट्टी चालवते. पहाटेपासून पिठात कोपरापर्यंत हात. राजघराण्यातले दोघे जण तिच्याकडे खेटे घालत होते. एकाच्या कुमासी शहरात बसगाड्या होत्या, दुसरा इटलीहून परत येऊन गावात भलीमोठी गाडी फिरवत होता. दोघांनी मेंढ्या पाठवल्या. राजमातेने मेंढ्या ठेवून घेतल्या, दोघांना तोंड भरून आशीर्वाद दिले आणि तिसऱ्याचंच नाव पुढे केलं. ड्वोमो मास्तरांचं.

ड्वोमो मास्तर तिच्या मावसबहिणीचा मुलगा. आमच्यात घराणं आईकडून चालतं, म्हणजे रक्त पक्कं होतं. पण हा माणूस आयुष्यभर समुद्रकाठच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होता, आणि निवृत्त होऊन गावी आला तरी शिकवायचं थांबला नव्हता. रोज दुपारी गाडीतळावरच्या कडुनिंबाखाली बसून, एका हातात वाचेचं, म्हणजे चवळी-भाताचं, पान धरून, ड्रायव्हर लोकांना राज्यपद्धती समजावून सांगायचा.

"राजेशाही म्हणजे देशाचं बाळपण," मास्तर भाताचा घास मळत म्हणायचे. "लष्करशाही म्हणजे गोवर. आपल्याला चांगला तीन-चारदा येऊन गेला. आणि लोकशाही म्हणजे मिसरूड फुटणं."

"मिसरूड फुटली की माणूस जास्त बिघडतो, मास्तर," ड्रायव्हर म्हणायचे आणि हसायचे. पण ऐकायचे.

त्याच कडुनिंबाखाली आम्ही त्यांना धरायला गेलो. मास्तर अर्ध्या चड्डीत होते. पंचांपैकी एकाने मागून येऊन त्यांच्या दंडाला पांढरी माती फासली. आता राजाला धरायची रीतच तशी आहे.

"अरे, हे काय चाललंय?"

"मास्तर, तुम्हाला धरलंय," मी म्हटलं.

"मला? अरे, मी प्रजासत्ताकवाला माणूस आहे!"

"असू दे," पंच म्हणाले. "प्रत्येकाला काही ना काही असतंच."

मास्तर तसेच, दंडाला माती आणि हाताला भात, तरातरा भट्टीवर गेले. मी मागे. राजमाता पावांना कात्रीने चिरा पाडत होती.

"आई, मला यातलं काही नको. राजेशाहीवर माझा विश्वास नाही."

"मग बरं झालं. ज्यांचा होता त्यांच्या मेंढ्या खाऊन कंटाळा आला."

"पण लोकांनी निवडायला हवं. तू एकटी कशी ठरवतेस?"

"मला लोकांनीच सांगितलं."

"कधी?"

"रोज पाव न्यायला येतात की. उभ्या उभ्या सांगतात." तिने पुढचा पाव ओढला. "इटलीवाल्याचं नाव काढलं की बायका उरलेले सुटे पैसेसुद्धा न घेता निघून जायच्या. एवढं कळत नाही का मला?"

मास्तर आले तसे परत घरी गेले. दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. त्यांची बायको एस्तेर नंतर मला म्हणाली, की ते रात्रंदिवस येरझाऱ्या घालत होते आणि स्वतःशीच बोलत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवला. का, ते मी विचारलं नाही, पण मला दिसत होतं. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं एकदा जमिनीवर करून बघावं, असं कोणत्या मास्तराला वाटणार नाही?

गादीवर बसवताना नव्या राजाला पूर्वजांच्या काळ्या चौरंगावर तीनदा अलगद टेकवतात आणि उठवतात. मग मी गावाच्या वतीने त्याला बजावतो. नाना, आम्हाला कंजूष राजा नको. कोणाचं न ऐकणारा, पंचांना न विचारता वागणारा नको. आम्हाला 'मूर्खांनो' म्हणणारा नको. 'मला वेळ नाही' म्हणणारा नको. प्रत्येक वाक्याला गाव 'ऐका, नाना!' म्हणून ओरडतं. मास्तरांचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"अम्पोफो," ते माझ्या कानाशी म्हणाले, "ही तर राज्यघटना आहे!"

"मान हलवा, नाना," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ते नाना अक्रासी तिसरे झाले. त्यांच्या डोक्यावर पाच माणसं मावतील एवढी छत्री आली आणि पायात कधीच न काढायच्या चपला आल्या, कारण राजाचं उघडं पाऊल जमिनीला लागलं तर गावावर संकट येतं. राजाने चारचौघांत खायचं नसतं, म्हणून कडुनिंबाखालचं वाचे बंद झालं. एस्तेरबाई ते फडक्यात बांधून आणायच्या आणि नाना दार लावून खायचे. "बंद खोलीत वाचे खाणं म्हणजे काय असतं, तुला कळायचं नाही," ते मला एकदा म्हणाले. राजाने घाईने चालायचं नसतं, वाद घालायचा नसतो. पण सगळ्यांत मोठं दुःख बोलण्याचं. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस, आणि आता माझ्या कानाएवढंच त्याचं गाव.

पहिल्याच बैठकीनंतर त्यांनी मला आत बोलावलं.

"मी काय म्हणालो होतो?"

"गटारं साफ करा, नाहीतर दंड बसेल."

"आणि तू काय सांगितलंस?"

"नाना म्हणतात, डासिणीलाही बाळंतपण असतं, पण ते आपल्या दारात कशाला?"

"यात दंड कुठेय?"

"दंड पंच बसवतात, नाना. तुम्ही बसवला असता तर वसूल कोण करणार होतं? आणि गटारं झाली ना साफ?"

झाली होती. लोक हसत हसत फावडी घेऊन गेले होते.

"मग माझ्याकडे नेमका अधिकार कोणता?" नानांनी विचारलं.

मी खूप विचार केला. शेवटी म्हटलं, "छत्री तुमची आहे, नाना."

अशात बोअरचा विषय आला. गावाला पाणी ओढ्याचं, तेही उन्हाळ्यात चिखलाचं. सरकारने आमच्यासाठी एक बोअर आणि एक हापसा मंजूर केला. एकच. आणि गावात आळ्या दोन: वरची आणि खालची. वरच्या आळीत माणसं थोडी जास्त, खालच्या आळीत तोंडं जास्त मोठी.

जिल्हाप्रमुख मादाम ग्लॅडिस स्वतः ही बातमी घेऊन आल्या. सोबत जिल्हासभेवर निवडून गेलेला आमचा सदस्य क्लेमेंट साफो. अंगणात मानपान झालं, बाटली उघडली, पूर्वजांना जमिनीवर दोन थेंब दिले आणि मग चौघेच आतल्या खोलीत बसलो. तिथे नाना पाहुण्यांशी हळू आवाजात स्वतः बोलू शकतात.

"जागा कोण ठरवणार?" नानांनी विचारलं.

"मी तर नाहीच," मादाम म्हणाल्या. "मला राष्ट्राध्यक्षांनी एका फोनवर नेमलं आणि एका फोनवर काढतील. एका आळीने तक्रार केली तरी फोन वाजतो."

"सदस्यसाहेब, तुम्हाला तर लोकांनी निवडून दिलंय."

"म्हणूनच, नाना," साफो म्हणाला. "अर्धी मतं वरच्या आळीने दिली, अर्धी खालच्या. मी एकीचं नाव घेतलं की दुसरी गेली. तुम्हाला कुठे मतं मागायचीत? तुम्ही ठरवा."

"मला पंचांशिवाय ठरवता येत नाही. पंचांना राजमातेशिवाय येत नाही."

नानांचा चेहरा उजळत चालला होता. "बघा, नेमलेले, निवडलेले आणि वारशाने आलेले, तिघे एका खोलीत बसलेत आणि तिघांकडेही सत्ता नाही. मी हे मुलांना कधी शिकवलंच नाही."

"ते शिकवा नंतर," साफो म्हणाला. "जागा ठरली नाही तर बोअर शेजारच्या गावाला जाईल. त्यांचे लोक कालच मादामना रताळी देऊन गेले."

"याम कंद होते," मादाम म्हणाल्या.

अशा वेळी आमची रीत म्हणजे बैठक. दोन्ही आळ्यांचे म्होरके बसतात आणि एकच तोंड होईपर्यंत बोलत राहतात. पंचांनी तेच सुचवलं.

"त्याला तीन आठवडे लागतील," नाना माझ्या कानात म्हणाले.

"नाना विचारतात, किती वेळ लागेल?" मी म्हटलं.

"लागेल महिना," पंच म्हणाले. "पण मग मागे भांडण उरत नाही."

नानांना महिना नको होता. त्यांना मतदान हवं होतं. गुप्त, प्रत्येकाला एक, बाईला आणि बुवाला सारखं. पंच राजमातेकडे तक्रार घेऊन गेले. ती म्हणाली, "करू दे. पोराला खेळणं सापडलंय." आणि वर मतदानासाठी स्वतःच्या कोठारातून दाणे काढून दिले.

दाणे अशासाठी, की लिहिता-वाचता न येणारं कोणी मागे राहू नये. प्रत्येकाला एक मक्याचा दाणा आणि एक शेंगदाणा मिळणार. मका म्हणजे वरची आळी, शेंगदाणा म्हणजे खालची. शाळेच्या एका वर्गात पडदा लावला, पडद्यामागे एक मोठं मडकं ठेवलं. आत एकट्याने जायचं, हवा तो दाणा मडक्यात टाकायचा, उरलेला घेऊन बाहेर यायचं. नानांनी स्वतः आखलेली व्यवस्था. खोट काढायला कुठे जागा नव्हती.

सकाळपासून रांग लागली. लोक ठेवणीतले कपडे घालून आले होते. नाना शाळेच्या ओट्यावर छत्रीखाली बसले होते आणि त्यांना एका जागी बसवत नव्हतं. रांगेत एक आंधळी म्हातारी नातीचा हात धरून उभी असलेली त्यांनी पाहिली, आणि मला वाटतं तिथेच त्यांचा तोल गेला. साफोने पक्षाचा कर्णा आणून ठेवला होता. नानांनी तो उचलला आणि स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने, सगळ्या गावासमोर बोलायला लागले.

"बंधू-भगिनींनो, आज तुम्ही राजे आहात!"

कोणीतरी 'अयाय' म्हणालं. मी काठी घेऊन पुढे झालो, पण उशीर झाला होता. नाना त्या म्हातारीचा हात हातात घ्यायला ओट्यावरून खाली उतरत होते, आणि उतरताना त्यांची एक चप्पल ओट्यावरच राहिली. उघडं पाऊल, लाल माती. सगळ्यांनी पाहिलं. म्हातारीलासुद्धा कोणीतरी सांगितलं.

दुपारी मोजणी झाली. मका जिंकला, थोडक्यात. पण एकूण दाणे आणि आत गेलेली माणसं यांचा मेळ बसेना. बरीच मतं कमी भरत होती. साफोने मडकं उपडं केलं, तर तळाशी लाल लाल सालं.

खालच्या आळीचा म्होरका म्हातारा बाडू पुढे आला. त्याने चिमटीत एक साल धरलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"आमची मतं खाल्ली!"

"कोणी खाल्ली?" वरच्या आळीच्या बायका अंगावर आल्या. "नाव घे!"

"नाव कसं घेऊ? आत एकेकटं जायचं होतं ना? गुप्त!" बाडू म्हणाला. "तुम्हाला मका दिला. कोरडा मका कोण चावतो? आम्हाला दिला शेंगदाणा. माणसं सकाळपासून उपाशी रांगेत उभी!"

"तुमच्याच आळीने खाल्ले असतील. हावरे कुठले!"

"मग तर आणखीच वाईट!"

नाना मला भराभर सांगत होते, फेरमतदान घेऊ म्हणून सांग. मी सांगितलं. "घ्या," बाडू म्हणाला, "पण या खेपेला शेंगदाणा त्यांना द्या." वरच्या आळीला ते मान्य नव्हतं. ते जिंकले होते.

संध्याकाळी बाडू राजवाड्यात आला. भांडायला नाही, विचारायला. त्याने मला सांगायचं आणि मी नानांना, पण तो इतका थकलेला होता की मी मधलं गाळलं आणि त्याला तसंच बोलू दिलं.

"नाना, शेंगदाण्याचं सोडा. पुढच्या वेळी अशीच माणसं मोजलीत, तर वरची आळी जास्तच असणार?"

नानांनी मान हलवली.

"त्याच्या पुढच्या वेळी?"

"तेव्हाही. पण तुम्हाला विरोधात बोलायचा हक्क असतो," नाना माझ्या कानाशी म्हणाले.

मी सांगितलं.

"म्हणजे आम्ही कायम हरायचं आणि बोलायचं." बाडूने गुडघ्यावर हात ठेवले. "नाना, बैठकीतही आम्ही कमीच असायचो. पण आम्ही हो म्हटल्याशिवाय तिथून कोणी उठू शकत नव्हतं. तुम्ही आमच्याकडून तेवढं एक काढून घेतलंत."

मी ते नानांना पुन्हा सांगितलं नाही. सुधारून सांगायला काही नव्हतंच.

आठवड्याच्या आत खालच्या आळीने राजमातेपुढे बाटली ठेवून तीन आरोप मांडले. राजाने उघडं पाऊल जमिनीला लावलं. राजा स्वतःच्या तोंडाने बोलला. आणि राजाने माणसं बकऱ्यांसारखी मोजली. मागणी एकच: चपला काढून घ्या, गादीवरून उतरवा.

मी ही बातमी घेऊन गेलो तेव्हा वाटलं होतं, नाना खचतील. ते टाळी वाजवून उठले.

"अम्पोफो, राष्ट्राध्यक्षाला काढायला चार वर्षं थांबावं लागतं! सदस्याला चार वर्षं! आणि राजाला? आठवड्यात आरोप, पुढच्या आठवड्यात सुनावणी! मी पोरांना सगळं उलटं शिकवत होतो रे."

"नाना, आरोप तुमच्यावर आहेत."

"आणि तिन्ही खरे आहेत. मी सगळे कबूल करणार." त्यांनी डोळे मिटले. "कडुनिंबाखाली बसणार. मिरची जास्त घालून वाचे खाणार. ड्रायव्हर लोकांसमोर."

सुनावणीच्या आदल्या दिवशी राजमातेने मला भट्टीवर बोलावलं. हात पिठातच होते.

"तो काय म्हणणार आहे?"

"कबूल करणार, आई."

"मग?"

"सुटणार."

"तो सुटला की कोण येईल?"

मी रस्त्याकडे पाहिलं. इटलीवाल्याची गाडी समोरच्या दारूच्या दुकानापाशी उभी होती.

"हं," राजमाता म्हणाली. "त्याने काय म्हणायचं ते त्याच्या हातात. गावाला काय ऐकू यायचं ते तुझ्या." आणि तिने मला एक गरम पाव दिला. फुकट. तिने कोणाला फुकट पाव दिलेला मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याचं अंगण भरून गेलं. दोन्ही आळ्या समोरासमोर. साफो कोपऱ्यात उभा होता, म्हणजे कोणत्याच बाजूचा दिसू नये. बाडूने तिन्ही आरोप मला सांगितले, मी ते नानांना सांगितले. नाना माझ्या कानाशी झुकले. आवाजात हसू होतं.

"सांग. तिन्ही आरोप खरे आहेत. मी दोषी आहे. माझ्या चपला काढा."

मी काठी टेकली. राजमाता एका टोपलीत शेंगा सोलत बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

"नाना म्हणतात," मी सुरुवात केली, "पाय जमिनीला लागला हे खरं. आनंदात माणसाला पायाचं भान राहत नाही. खालच्या आळीची आंधळी म्हातारी रांगेत उभी दिसली, तो आनंद होता."

अंगणात कुजबुज झाली. नानांनी माझं वस्त्र ओढलं.

"नाना म्हणतात, तोंड उघडलं हेही खरं. ज्याने जन्मभर लोकांच्या लेकरांना शिकवलं, त्याच्या तोंडाला कुलूप लावलंत, तर एखाद्या वेळी ते निघायचंच. आणि नाना म्हणतात, माणसं मोजली हे चुकलं. बैठक बसवायला हवी होती. आता बसवू. खालची आळी हो म्हणेपर्यंत नाना गादीवरून उठणार नाहीत. त्याआधी चपला काढायच्या असतील, तर बाडूने स्वतःच्या हाताने काढाव्यात."

"मी असं म्हणालोच नाही!" नाना माझ्या कानात फुत्कारले. मग ते अर्धे उठले. त्यांनी तोंड उघडलं. आता ते ओरडणार, आणि सगळं खरं खरं बाहेर येणार, असं मला वाटलं.

पण बाडू पुढे आला होता. तो हळूहळू वाकला. गुडघे वाजले. त्याने नानांच्या चपलेला हात घातला, आणि सगळं अंगण बघत असताना, तिचा सुटलेला पट्टा नीट बसवला. मग दुसरीचा. नाना खाली बघत राहिले, आणि त्यांचं उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. ते परत बसले.

राजमातेने दोन मेंढ्या आणि एक बाटली दंड सांगितला. एक मेंढी इटलीवाल्याने पाठवलेल्यांपैकीच होती, असं म्हणतात.

त्यानंतर नाना माझ्याशी बोलेनासे झाले. चांगले आठ-दहा दिवस. मी रोज जायचो, काठी टेकायचो, नाना काय म्हणतात ते गावाला सांगायचो. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

बैठक बसली. लोक जेवायला घरी जायचे आणि परत येऊन बसायचे. आजोबांच्या काळातली भांडणं निघाली, एक जुनी सोयरीक मोडली होती ती निघाली, शेंगदाण्याचा विषय तीनदा निघाला. नाना पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसले होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ती सोयरीक मोडली कशामुळे?" असा आमचा अबोला संपला. अखेर दोन्ही आळ्यांच्या मधल्या वाटेवर, मोठ्या सावरीच्या झाडाखाली बोअर घ्यायचा, असं ठरलं. बाडू हो म्हणाला. सगळे हो म्हणाले. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला त्यांनी ठसका लागल्याचं सोंग केलं.

मग बोअरची गाडी आली. ती गावात शिरण्याआधी ओढ्यावरच्या मोरीपाशी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, मोरीवर पाय आपटून बघितलं आणि म्हणाला, "यावरून माझी गाडी जायची नाही."

"पण जागा ठरलीय!" साफो म्हणाला. "सर्वानुमते!"

"ठरली असेल. मोरीला विचारलं होतं का?"

मादामना फोन लावला. मादाम म्हणाल्या, गाडी उद्या दुसऱ्या गावाला जायची आहे, काय ते आजच करा. मोरीच्या अलीकडे फक्त गाडीतळ होता. गाडीने तिथेच पाय रोवले, कडुनिंबापासून थोड्या अंतरावर, आणि घरघर सुरू झाली. दिवस कलताना पाणी लागलं. चांगलं गोड, भरपूर पाणी. ज्या जागेला कोणी मत दिलं नव्हतं आणि जिचं बैठकीत कोणी नाव काढलं नव्हतं, तिथे.

मला वाटलं, आता पुन्हा पेटणार. पण वरच्या आळीच्या बायका म्हणाल्या, "खालच्यांना नाही ना मिळालं? मग ठीक आहे." खालच्या आळीने अगदी तेच म्हटलं.

नाना राजमातेकडे गेले. "मग आपण एवढं सगळं केलं कशाला, आई?"

"भांडण मिटवायला," ती म्हणाली. "पाणी वेगळं."

उद्घाटनाला मंडप घातला. हापशाला फीत बांधली. मादाम म्हणाल्या, हे पाणी राष्ट्राध्यक्षांनी दिलं. साफो म्हणाला, हे पाणी मिळवायला मी जिल्ह्यात एकटा लढलो. टाळ्या झाल्या. मग नानांची पाळी आली. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"तुला काय सांगायचंय ते सांग," नाना म्हणाले.

"म्हणजे? नाना, एखादं वाक्य तरी..."

"मी कुठे अडवलंय तुला?" त्यांनी समोर बघत हात मांडीवर ठेवले.

मी काठी टेकली. "नाना म्हणतात..." आणि पुढे काही नाही. इतकी वर्षं नानांचं बोलणं सुधारून सांगितलं होतं, पण सुधारायला आधी काहीतरी लागतं. मी राजमातेकडे पाहिलं. ती शेजारच्या बाईला पावाचा भाव सांगत होती. गाव वाट बघत होतं. "नाना म्हणतात..." मी पुन्हा म्हटलं.

गाव किती वाट बघणार? मागून दोन बायका पातेली घेऊन पुढे घुसल्या. एक वरच्या आळीची, एक खालच्या. दोघींनी मिळून हापशाचा दांडा धरला. फीत तुटली. पहिलं गढूळ पाणी धाडकन मादामच्या बुटांवर पडलं, दुसरं साफोच्या भाषणाच्या कागदांवर, आणि मग सगळ्या बादल्या, पातेली, डबे एकदमच पुढे आले. मंडपाचा एक खांब गेला. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

मी मागे वळलो. छत्रीखाली नानांचे खांदे गदागदा हलत होते. तोंडावर हात दाबलेला, डोळ्यांतून पाणी. राजाने असं चारचौघांत खदाखदा हसायचं नसतं. मी वस्त्र पसरून त्यांच्यासमोर आडवा उभा राहिलो, त्यांचं होईपर्यंत.